‘बाई, हा नेमका कुठला ऋतू?’

खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. सहा ऋतू शिकवायला घेतले की मुलं अडवतात. एक म्हणतो, ‘बाई, दिवाळीत धो धो पाऊस पडला, मग तो शरद ऋतू की पावसाळा?’ दुसरी म्हणते, ‘पळस तर जानेवारीतच फुललाय.’ तिसरा म्हणतो, ‘कोकीळ वसंतात येते म्हणता, ती तर फेब्रुवारीपासूनच ओरडतेय.’ ऋतू खरंच बदललेत का? मुलांना काय सांगायचं, आणि ऐकून ती घाबरतील का? आणि जवळ जंगल नाही, उपकरणं नाहीत, अशा शाळेत हे शिकवायचं कसं?

ताई, तुमच्या मुलांचं आधी कौतुक करतो. ती पुस्तक आणि अंगण ताडून बघताहेत, आणि निसर्ग शिकवणाऱ्याला याहून जास्त काही नको असतं. अडचण वेगळीच आहे. मुलांच्या हातात दोनच गोष्टी आहेत: पुस्तकातलं वर्णन आणि आज डोळ्यांना दिसलेलं. गेल्या वर्षी याच झाडाला, याच महिन्यात काय झालं होतं, हे गावात कुणाकडेच लिहिलेलं नाही. त्यामुळे पुस्तकाशी जुळलं नाही की ‘ऋतू बदलला’ हा एकच निष्कर्ष उरतो. तो कदाचित बरोबर असेल, कदाचित नसेल. ठरवायला लागणारी तिसरी गोष्ट म्हणजे आपली स्वतःची नोंद. म्हणून ‘ऋतू बदललेत का’ याचं तयार उत्तर देण्याऐवजी ते शोधण्याची सोय शाळेतच कशी करायची, यावर मी जास्त लिहिणार आहे.

तरी जे पक्कं माहीत आहे ते आधी सांगतो. तापमान वाढतंय, यात शंका ठेवायला जागा नाही. हवामान विभागाच्या १९०१पासूनच्या नोंदींमध्ये २०२४ हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. मॉन्सूनच्या सरासरी तारखाही विभागाने २०२०मध्ये नव्याने काढल्या, कारण जुन्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. मुंबईत मॉन्सून पोचण्याची तारीख १० जूनची ११ जून झाली, म्हणजे जवळजवळ तीच राहिली. परतण्याची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पाऊस येतो साधारण तेव्हाच, जातो मात्र उशिरा. मुलांना हे सांगायला हरकत नाही. ते खरं आहे आणि त्यांना समजण्यासारखंही आहे.

पण सरासरीच्या शेजारी लगेच दुसरी गोष्ट ठेवावी लागते. २०२३मध्ये मॉन्सून मुंबईत २५ जूनला पोचला, आणि २०२५मध्ये २६ मेला. दोन वर्षांच्या अंतराने जवळपास महिन्याचा फरक! एवढी चढउतार आपल्याकडे मुळातच असते. म्हणून एका वर्षी काही लवकर झालं किंवा उशिरा झालं, एवढ्यावरून बदल सिद्ध होत नाही. बदल दिसायला बऱ्याच वर्षांची ओळ लागते. जपानमध्ये क्योटो शहरातला चेरीचा बहर कधी आला, याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. म्हणूनच २०२१चा २६ मार्चचा बहर हा १२०० वर्षांतला सर्वांत लवकरचा, असं तिथले अभ्यासक छातीठोकपणे म्हणू शकले. आपल्या पळसाबद्दल, कडुनिंबाबद्दल अशी ओळ आपल्याकडे नाही. ती कुठून तरी सुरू करावी लागेल, आणि शाळेइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

आता दिवाळीच्या पावसाकडे येतो, कारण या प्रश्नात शिकवण्यासारखं खूप आहे. पहिली गोष्ट तुमच्या तालुक्याची. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण-खटावच्या पट्ट्यात जेमतेम ५००च्या आसपास. तुम्ही पर्जन्यछायेत आहात. तुमच्याकडे जून-जुलै बऱ्याचदा नुसता वारा आणि भुरभुर यांतच जातो. खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा, ज्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते. म्हणजे खटावच्या मुलासाठी ऑक्टोबरचा पाऊस ही नवलाई नाही, तो त्याच्या आजोबांच्या पेरणीचा पाऊस आहे. पुस्तकातले सहा ऋतू एका मोठ्या प्रदेशासाठी मांडलेले आहेत. त्यांत पर्जन्यछायेतलं गाव तंतोतंत बसणार नाही, आणि त्यात पुस्तकाची किंवा गावाची चूक काहीच नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीची. २०२३मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५मध्ये २१ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक. २१ ऑक्टोबरला पाऊस पडणं आणि १२ नोव्हेंबरला पडणं या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत, पण बोलताना दोन्ही ‘दिवाळीतला पाऊस’च. आपले सण चांद्रमासांवर चालतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, आणि तो फरक भरून काढायला अधूनमधून अधिक मास येतो. त्यामुळे सण मागेपुढे सरकत राहतात. झाडं मात्र सूर्याबरोबर चालतात.

गुढीपाडव्याचं उदाहरण मुलांना लगेच पटतं. पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर लागतो. २०२४चा पाडवा ९ एप्रिलला होता, २०२६चा १९ मार्चला. एका वर्षी मोहोर भरभरून मिळाला आणि दुसऱ्या वर्षी शोधावा लागला, तर कडुनिंब उशिरा फुलला की पाडवाच लवकर आला? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि मुलांना भांडू द्या. मी अनेक शाळांमध्ये हे केलं आहे. दहा वर्षांची मुलंसुद्धा स्वतःहून म्हणतात की मग इंग्रजी तारीखच लिहिली पाहिजे. आपण सांगून जे डोक्यात बसत नाही ते या भांडणातून पक्कं बसतं.

शेतकऱ्यांच्या नक्षत्रांचं मात्र तसं नाही, हेही मुलांना दाखवा. मृग नक्षत्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतं, आर्द्रा २२ जूनच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, कारण ही नक्षत्रं सूर्याच्या स्थानावरून मोजतात. त्यामुळे एखाद्या आजोबांनी ‘हस्ताचा पाऊस’ म्हटलं तर त्याला बऱ्यापैकी पक्की तारीख असते. ‘दिवाळीच्या आसपास’ म्हटलं तर नसते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती घेताना हा फरक फार उपयोगी पडतो.

आता पळस आणि कोकीळ. इथे मला माझं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. ‘ऋतू’ ही एकच गोष्ट धरून आपण सगळी झाडं, पक्षी, किडे तिच्यामागे चालतात असं समजतो. प्रत्यक्षात प्रत्येक जिवाचं घड्याळ वेगळं आहे. कुणी दिवसाची लांबी बघतं, कुणी ऊब, कुणी मातीतली ओल, कुणी पहिला पाऊस. ऋतू बदललाय का, असा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. हे झाड, हा पक्षी कुठलं घड्याळ बघतो आणि ते घड्याळ बदललंय का, असं विचारलं की उत्तर शोधता येतं.

दिवसाची लांबी हे त्यातलं सर्वांत स्थिर घड्याळ. तुमच्याकडे सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर आणि सर्वांत लहान ११ तासांच्या आसपास. हे हजार वर्षांपूर्वीही जवळपास असंच होतं आणि पुढेही राहील, हवा कितीही तापली तरी. लांबवर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना निघण्याची वेळ मुख्यतः यावरून कळते. तुमच्या ज्वारीवर थव्याने येणाऱ्या भोरड्या घ्या. त्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपात वीण करतात आणि तिथलं काम आटोपलं की निघतात. ऑगस्टपासूनच त्यांचे पहिले थवे आपल्याकडे दिसू लागतात, एप्रिलपर्यंत त्या परतलेल्या असतात. आपल्याकडे पाऊस लांबलाय की नाही हे त्यांना तिथे बसून कळण्याची सोय नाही. तसाच थिरथिरा. ऑक्टोबरात येऊन शाळेच्या कुंपणावर शेपूट थरथरवत बसणारा हा छोटा पक्षी तुमच्या मुलांनी नक्की पाहिलेला असणार, नाव माहीत नसेल इतकंच.

पहिला पाऊस हे अगदी वेगळं घड्याळ. मृगाचा मखमली लाल किडा (त्याचे पाय मोजायला सांगा, आठ निघतील, म्हणजे तो कोळ्यांच्या नात्यातला), संध्याकाळी दिव्याभोवती घोंगावणारी पंखांची वाळवी, डबक्यात गोळा होणारे पिवळेधमक बेडूक, हे सगळे तारीख बघत नाहीत. पाऊस २६ मेला आला तर तेव्हा, २५ जूनला आला तर तेव्हा. त्यांच्या बाबतीत ‘यंदा बेडूक लवकर ओरडले’ याचा अर्थ ‘पाऊस लवकर आला’ इतकाच होतो.

झाडांचं गणित यांच्यामध्ये कुठेतरी असतं आणि सर्वांत गुंतागुंतीचं असतं. पळस पानं गाळतो आणि निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. म्हणून तो लांबून दिसतो, आणि मैना, बुलबुल, शिंजीर, भोरड्या मधासाठी त्याच्यावर तुटून पडतात. पावसाआधी त्याच्या चपट्या शेंगा वाऱ्यावर उडाव्यात आणि ओल्या मातीत बी रुजावं, असा सगळा बेत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणं हा त्याच्यासाठी आडवेळचा प्रकार नसून ठरलेली वेळ आहे. ही वेळ आधीच्या पावसाळ्याने मुरवलेली ओल, थंडी, ऊब आणि त्या झाडाचा स्वतःचा स्वभाव अशी सगळी मिळून ठरते. एकाच बांधावरच्या दोन पळसांमध्ये दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. म्हणून ‘पळस जानेवारीत फुलला’ असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: एक झाड की सगळी? आणि दुसरा: चार फुलं की पूर्ण झाड? जानेवारीच्या अखेरीस एखाद्या पळसावर फुलं दिसणं नेहमीच्या चौकटीतच येतं. गावातले सगळे पळस भर जानेवारीत पेटले असतील, तर ती नोंद नक्की लिहून ठेवावी.

कोकिळेबाबत मुलांना आणखी एक भेद शिकवता येईल. कोकीळ कुठून येत नाही. ती वर्षभर आपल्याकडेच असते, थंडीत गप्प असते म्हणून जाणवत नाही. कुहू कुहू करणारा नर, आणि त्याचा आवाज फेब्रुवारी-मार्चपासून चढत जातो. वीण एप्रिलनंतर, कारण अंडी घालायची कावळ्याच्या घरट्यात आणि कावळे घरटी करतात उन्हाळ्यात. तेव्हा फेब्रुवारीतली कोकीळ ही लवकर आलेली पाहुणी नव्हे, नुकता आवाज लावू लागलेली शेजारीण आहे. उलट चातक खरोखर येतो. पावसाच्या तोंडाशी, वाऱ्यांबरोबर, आफ्रिकेतून. आणि ज्याच्या आवाजात आपल्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येतं तो पावशा आणखी वेगळा. तो इथलाच, आणि पावसाच्या कितीतरी आधीपासून ओरडू लागतो. या तिघांना मुलं नेहमी एकत्र करतात, मोठी माणसंही करतात. कोण येतं आणि कुणाचा फक्त आवाज सुरू होतो, अशा दोन याद्या फळ्यावर करायला लावल्या की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता नोंदी कशा ठेवायच्या ते. यात मी थोडा आग्रही आहे.

झाड शाळेच्या आवारातलं किंवा वाटेवरचं घ्या, आणि पुढची वीस वर्षं उभं राहील असं घ्या. तुमच्याकडे कडुनिंब आणि चिंच उत्तम. कडुनिंबाची पानगळ, नवी तांबूस पालवी, मोहोर, निंबोळ्या, सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं. चिंचा कधी पिकतात हे तर मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. देशी झाड नसेल तर अडून बसू नका. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, पण रोज समोर दिसणारा गुलमोहोर दहा किलोमीटरवरच्या बहाव्यापेक्षा नोंदीसाठी चांगला. फक्त एकाच जातीची निदान तीन झाडं धरा. एक झाड हापश्याच्या सांडपाण्यावर वाढलेलं असेल, एक रस्त्याच्या दिव्याखाली असेल, एकाची वीज कंपनीने नुकतीच छाटणी केलेली असेल. हे तपशील वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढे झाडांमध्ये फरक दिसला की सगळ्यांत आधी त्या पानाकडे यावं लागतं. झाडावर खिळा ठोकून पाटी लावू नका. चुन्याने किंवा रंगाने क्रमांक पुरेसा आहे.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या एकाच वारी बघा. रोज बघायला लावलं की पंधरा दिवसांत कंटाळा येतो आणि मुलं बाकावर बसून नोंदी भरतात. सीझनवॉच हा देशभरात झाडांच्या ऋतुमानाच्या नोंदी गोळा करणारा उपक्रमही आठवड्याचाच हिशोब ठेवतो आणि त्यात शाळांना सहभागी होता येतं. पण वही आधी, संगणक नंतर. प्रत्येक नोंदीत तारीख, झाडाचा क्रमांक, आणि पुढे कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं यांपैकी प्रत्येकासमोर ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’. एवढंच. टक्केवारी मागू नका. चौथीचं मूल टक्केवारी लिहील, पण ती बाजूच्या मुलाच्या वहीतून येईल.

पहिलं फूल दिसल्याचा दिवस मुलांना फार प्रिय असतो. तो लिहू द्या, पण त्यावर विसंबू नका. पहिलं फूल कुणाला दिसलं हे कोण किती बारकाईने बघत होतं यावरही अवलंबून असतं. यंदा चाळीस मुलं बघत असली आणि गेल्या वर्षी दहाच, तर यंदा पहिलं फूल ‘लवकर’ सापडणारच. पक्ष्यांच्या पहिल्या आगमनाचंही तेच. निम्म्याहून जास्त झाड फुललं तो आठवडा जास्त भरवशाचा.

‘दिसलं नाही’ ही नोंद मी सर्वांत मौल्यवान मानतो. मुलांना वाटतं काही नसेल तर लिहायचं काय. पण सप्टेंबरच्या चार आठवड्यांत ‘थिरथिरा नाही, नाही, नाही, नाही’ असं लिहिलेलं असेल, तरच ऑक्टोबरातल्या ‘आहे’ला किंमत येते. नाहीतर तो आधीपासून होता आणि आपण बघितलं नाही, ही शंका कायम राहते. माझ्या शाळांमध्ये ‘नाही’ लिहिणाऱ्याला मी मुद्दाम सगळ्यांसमोर शाबासकी देतो.

सुट्ट्यांचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्यावर सहसा कुणी बोलत नाही. मे महिना आणि जूनचा पूर्वार्ध, म्हणजे बहावा, कावळ्यांची घरटी, काजवे, पहिला पाऊस, मृगाचा किडा, हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत सापडतं. हिवाळी पाहुणे यायला लागतात तेव्हा दिवाळीची सुट्टी. शाळेतल्या झाडाची वही नेमकी सर्वांत घडामोडीच्या दिवसांत कोरी राहते. म्हणून प्रत्येक मुलाला घराजवळचं किंवा शेतातलं एक झाड स्वतःचं म्हणून द्या आणि सुट्टीसाठी एकच पान द्या: पहिला जोराचा पाऊस कुठल्या तारखेला, त्यानंतर बेडूक कधी ओरडले, वाळवीला पंख कधी फुटले. तीन तारखा. शाळा उघडल्यावर वर्गातल्या सगळ्या तारखा ओळीत मांडून मधली तारीख घ्या. वाड्या-वस्त्यांवरून मुलं येत असतील तर एकाच गावच्या शिवारात पाऊस किती वेगवेगळ्या दिवशी पडतो हेही त्यातून दिसेल. पाहुण्या पक्ष्यांसाठी ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह सोयीचा आहे. राज्यात तो २०२०पासून साजरा होतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. मायणीचा तलाव तुमच्या तालुक्यात आहे. जमलं तर त्या आठवड्यात मुलांना तिथे न्या, नाही जमलं तर ज्वारीचं रान पुरेसं आहे. काजवे बघायला मात्र वर्ग घेऊन जाऊ नका. प्रकाश आणि गर्दी या दोन्हींचा काजव्यांना थेट त्रास होतो, कारण त्यांचं जोडीदार शोधणं अंधारावर अवलंबून आहे. घराजवळ दिसले तर टॉर्च बंद ठेवून दुरून बघावेत.

गावात गेल्यावर तुम्हाला हमखास ऐकू येईल की बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस, कावळ्याने झाडाच्या कुठल्या भागात घरटं केलं त्यावरून पावसाचा अंदाज, टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊसकाळ चांगला. या गोष्टी हसण्यावारी नेऊ नका, पण विज्ञान म्हणून शिकवूही नका. मे महिन्यात वहीत भाकीत म्हणून लिहा आणि ऑक्टोबरात ताडून बघा. माझं स्वतःचं मत असं आहे: बहावा एप्रिलच्या मध्यापासून अखेरपर्यंत बहरात येतो, त्यात ४५ दिवस मिळवले की आपोआप जूनचा पहिला पंधरवडा येतो, आणि पाऊस सर्वसाधारणपणे तेव्हाच येतो. दोन्ही आपापल्या वेळी घडतात म्हणून जुळतात. झाडाला मागची ऊब आणि ओल कळते. पुढचा पाऊस कळतो असं मानायला मला आधार दिसत नाही. पण याची कसोटी साधी आहे. २०२३ आणि २०२५च्या पावसात महिन्याचं अंतर होतं. बहाव्याच्या बहरातही महिन्याचं अंतर होतं का? कुणी त्या दोन वर्षांच्या तारखा लिहून ठेवल्या असतील तर उत्तर तयार आहे. पुढच्या अशा दोन वर्षांसाठी तुमच्या मुलांच्या वहीत ते असू शकेल.

आजी-आजोबांच्या मुलाखती जरूर घ्यायला लावा, फक्त प्रश्न नीट निवडा. चाळीस वर्षांपूर्वी पळस कधी फुलायचा हे माणसाच्या स्मरणात अचूक राहत नाही. पण काय होतं आणि काय नाहीसं झालं, हे ठळक राहतं. गिधाडं विचारा. मेलेल्या जनावरावर उतरणारे थवे बहुतेक वयस्क माणसांनी पाहिलेले असतात आणि तुमच्या वर्गातल्या एकाही मुलाने पाहिलेले नसतात. त्याचं कारण ऋतू नव्हे, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध. ते मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. जनावरांसाठी त्यावर २००६मध्ये बंदी आली, तोवर बहुतेक थवे संपले होते. हे मुलांना कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर मोडलेल्या प्रत्येक गोष्टीचं खापर ‘हवामान बदल’ या दोन शब्दांवर फुटतं आणि विहिरीतला उपसा, तोडलेले बांध, फवारणी, रात्रभर जळणारे दिवे यांच्याकडे कुणी बघत नाही, जे खरं तर गावाच्या हातातलं असतं.

मुलं घाबरतील का, असंही तुम्ही विचारलं आहे. माझा अनुभव असा की अर्धवट ऐकलेलं मूल घाबरतं, स्वतः नोंद ठेवणारं मूल प्रश्न विचारतं. ‘हवा तापतेय हे नक्की आहे, पाऊस परत जायला उशीर लावतोय हेही दिसतंय, आपल्या कडुनिंबाचं काय चाललंय ते आपण मोजतोय,’ इतकं सांगा. सहा ऋतूंचा धडा शिकवाच, परीक्षेत तो येणार. त्याच्या शेजारी भिंतीवर बारा महिन्यांचं एक मोठं वर्तुळ काढा आणि मुलांना जे दिसेल त्याची चित्रं त्या-त्या महिन्यात चिकटवू द्या: नोव्हेंबरात थिरथिरा, जानेवारीत हुरडा आणि भोरड्या, मार्चमध्ये कडुनिंबाची तांबूस पालवी, ऑक्टोबरात परतीचा पाऊस. वर्षाअखेर तो तुमच्या शाळेचा ऋतुचक्राचा तक्ता होईल, आणि ‘हा कुठला ऋतू’ असं विचारणाऱ्या मुलाला तुम्ही त्या भिंतीकडे नेऊ शकाल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वही मुलाची किंवा तुमची नको, शाळेची हवी. जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक घातलेली, हजेरीपटाच्या कपाटात राहणारी. तुमची बदली होईल, मुख्याध्यापक बदलतील, ही मुलं हायस्कूलला जातील. पहिल्या पानावर झाडांचा नकाशा आणि नोंदीची पद्धत इतकी स्पष्ट लिहा की तुम्हाला कधीही न भेटलेल्या शिक्षकाला पुढच्या सोमवारी ती वही उचलून काम चालू ठेवता येईल. पहिल्या वर्षी तीन कडुनिंब, एक थिरथिरा आणि पहिला पाऊस, यापलीकडे काही घेऊ नका. चौथीच्या मुलांनी पाचवीत जाताना ती वही नव्या चौथीच्या हातात द्यावी आणि कुठलं झाड कुठलं ते स्वतः फिरून दाखवावं. झाडांची ही ओळख करून देण्यासाठी जूनमधला एक तास वेळापत्रकात आधीच राखून ठेवा.